दामाशेटींची बाजू

नामदेव महाराजांवर प्रबंध आहेत, चित्रपट आहेत. त्यांची पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्यांच्या वास्तव्यामुळे पंजाबातल्या घुमानला २०१५ साली आपलं अठ्ठ्याऐंशीवं साहित्य संमेलनसुद्धा भरलं. त्यांच्या वडिलांवर मात्र कुणी चार ओळी खर्च केलेल्या नाहीत. दामाशेटी शिंपी कथेत येतात ते मुलाला रागवायला. रागावून झालं की कथाकार त्यांना विंगेत पाठवून देतो. सातशे वर्षं त्या माणसाचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही. मला ते ऐकावंसं वाटतं, कारण मी राहतो त्या औंढा नागनाथात घरटी एक दामाशेटी आहे आणि त्यांतल्या निम्म्यांशी माझं चहापाणी आहे.

प्रसंग आठवा. मुलगा हाताशी आला म्हणून बापाने त्याला कापडाचं गाठोडं देऊन बाजारात पाठवलं. मुलगा दिवसभर नामस्मरण करत बसला. संध्याकाळी परत येताना वाटेतले दगड उघडे दिसले, म्हणून त्यांना कापड पांघरलं आणि पैसे नंतर द्या म्हणाला. उधारीला जामीन हवा, एवढं धंद्याचं भान त्याला होतं. म्हणून जामीन म्हणून आणखी एक धोंडा उचलून घरी आणला. आता बापाच्या जागी उभे राहा. माल गेला, रोकड नाही, गिऱ्हाईक दगड आणि जामीनही दगड. यावर जो बाप आवाज चढवणार नाही, त्याला बाप म्हणायचं की पतसंस्थेचा संचालक?

पुढे त्या धोंड्याचं सोनं झालं असं कथा सांगते. झालं म्हणूनच ती कथा टिकली. ज्यांच्या घरी धोंडा धोंडाच राहिला, त्यांच्या कथा कोण लिहून ठेवणार? अशी घरं मात्र मोजायला गेलं तर जास्तच भरतील.

हे सगळं औंढ्यात बसून लिहायला थोडी हिंमत लागते. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. आणि आमचा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांतला. (द्वारकेजवळचे लोक त्यांचंच नागेश्वर खरं म्हणतात. त्यावर आम्ही वाद घालत नाही, फक्त ऐकून न ऐकल्यासारखं करतो.) देवळापुढे नामदेवांचं कीर्तन चाललं होतं, पुजाऱ्यांना अडचण झाली, ‘मागं जाऊन म्हण’ असं त्यांनी सांगितलं. नामदेव मागे गेले, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी मात्र जागचा हलला नाही, म्हणून तो आजही मागच्या अंगाला बसलेला आहे. एका पोराच्या गाण्यासाठी अख्खं दगडी देऊळ वळलं, ही गोष्ट इथलं शेंबडं पोरगंही सांगतं.

त्याच देवळात मार्च-एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, आईबापांची गर्दी असते. नागनाथाची पिंड तळघरात आहे. अरुंद पायऱ्या उतरून, डोकं सांभाळत, वाकून खाली जावं लागतं. तिथं घामाघूम होऊन उतरलेल्या एका बापाला मी स्वतः हात जोडून म्हणताना ऐकलंय, “देवा, ह्याचं गाण्याचं खूळ तेवढं काढ अन् अभ्यासाला लाव.” कुणाकडे काय मागतोय! बदलीसाठी बदली झालेल्या साहेबाकडेच अर्ज करावा तसं झालं. मागे उभा असलेला तो पोरगा, कानात इअरफोनची एक वायर, अगदी निवांत होता. देवळाची कथा त्यालाही माहीत असणार.

म्हणजे देवळात असेपर्यंत आम्ही सगळे नामदेवाच्या बाजूचे. बाहेर येऊन चपला पायात सरकवल्या की दामाशेटी.

नामदेवांचं शिक्षण कसं झालं हे पाहिलं तर आजच्या पालकांना परकं काहीच वाटणार नाही. संतमंडळी जमली असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि मडकी तपासावीत तसं एकेकाच्या डोक्यावर हाणून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं. ही आपल्याकडची पहिली प्रवेश परीक्षा. लेखी नाही, तोंडी नाही, थेट प्रात्यक्षिक. नामदेवांनी तक्रार केली आणि ते नापास झाले: मडकं कच्चं, गुरू नाही. मग ते आले औंढ्याला, विसोबा खेचरांकडे. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटलं तर म्हणाले, जिथं पिंड नसेल तिथं तूच ठेव. नामदेवांनी पाय उचलून ठेवावेत तिथं पिंड. संपला अभ्यासक्रम. एका दिवसात, फी नाही, हप्ते नाहीत, बस स्टँडवर गुणवंतांचे फोटो लावलेला फ्लेक्स नाही.

थोडक्यात, एके काळी नापास झालेला मुलगा क्लाससाठी औंढ्याला येत होता. आता औंढ्याची पास झालेली पोरं क्लाससाठी नांदेडला आणि लातूरला जातात. दहावीचा निकाल लागला की हिंगोली-नांदेड गाडीत पत्र्याच्या पेट्या, गाद्यांच्या वळकट्या आणि डब्यात धपाटे. डॉक्टर व्हायचं लेकरानं ठरवलेलं असतंच असं नाही. चुलत्याच्या पोरीला नीटमध्ये बरे मार्क पडले, एवढं कारण पुरतं. २०२४ ला हिंगोलीतच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाल्यापासून तर अवघड झालंय. आधी ‘एवढ्या लांब कुठं धाडायचं’ ही एक सबब तरी पोराच्या कामी यायची.

माझा एक वर्गमित्र तहसीलच्या बाजूला ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान चालवतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पीकविमा आणि तालुक्याची सगळी स्वप्नं एकाच काउंटरवर. मी रिकामा असलो की तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसतो. पोरगं काय होणार हे आमच्याकडे कसं ठरतं, ते मला तिथं कळलं. ज्या घरात जे काम अडलेलं असतं, त्या घरातलं लेकरू ते व्हावं अशी इच्छा असते. वाटणीनंतर फेरफार अडला असेल तर तलाठी. (सरकारने आता त्याला ग्राम महसूल अधिकारी केलंय, बापाच्या तोंडी अजून तलाठीच.) भावकीत धुऱ्याचा वाद असेल तर वकील. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला डीपी जळाली असेल तर लाइनमन, निदान वायरमनचा आयटीआय. दोनदा म्हैस दगावलेल्या घराला जनावरांचा डॉक्टर हवा असतो. पीककर्जासाठी हेलपाटे घातलेला बाप पोरीला बँकेच्या परीक्षेला बसवतो आणि फॉर्म भरणाऱ्याला विचारतो, “लागली तर आपल्याच शाखेत देतेत का?”

एका आजीबाईंचं तर मला फार पटलं. नातू दहावीला. तो म्हणत होता, मला गेम डिझायनर व्हायचंय. आजीने गेम म्हणजे काय ते विचारलं नाही, डिझायनर म्हणजे काय तेही विचारलं नाही. म्हणाली, “ते काय व्हायचं ते हो बाबा, पण आधी माझ्या गुडघ्यापुरता तरी डॉक्टर हो.”

त्या घरातली धाकटी नात सुटली. घरातली अडलेली सगळी कामं मोठ्या भावंडांत वाटून संपली होती, त्यामुळे तिला काय व्हायचं ते होण्याची मोकळीक होती. तिने सांगितलं, एसटीची ड्रायव्हर. एसटीत बायका गाडी चालवताना २०२३ पासून दिसायला लागल्या, ते तिने मोबाइलवर पाहिलं असावं. आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कंडक्टर हो. गाडी तरी चालवावी लागत नाही.”

यात नकार कुठंच नाही, हे ध्यानात घ्या. आमच्याकडचे आईबाप स्वप्नाला नाही म्हणत नाहीत, ते फक्त त्याला घराच्या जवळ आणतात. पोरगं विमानाने उडायला निघालं की त्याला हळूच एसटी स्टँडपर्यंत खाली घेतात. पायलट म्हणालं की ‘रेल्वेत बघ’, सिनेमात जायचं म्हणालं की ‘आकाशवाणीत जागा निघतेत का?’, क्रिकेटर म्हणालं की ‘क्रीडा शिक्षक’. हे सगळं इतक्या मायेने होतं, की आपलं स्वप्न बदललं गेलं हे पोराला नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत कळत नाही. आणि ते पत्र बहुतेकांच्या हातात पडतच नाही, म्हणजे कळायचाही प्रश्न नाही.

दुकानात फॉर्म भरणं हा एक वेगळाच सोहळा असतो. आई कागदांची प्लास्टिकची फाइल पदराखालून काढते. त्यात जन्मापासूनचं सगळं असतं: टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, दोन-तीन जुनी हॉल तिकिटं आणि एखादी कुणाची तरी लग्नपत्रिका. फोटोत पोराच्या अंगावर निळा कोट असतो; तो फोटो स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर घातलेला असतो, त्यामुळे मान एका बाजूला आणि टाय दुसऱ्या बाजूला. तोच कोट गावातल्या निदान शंभर पोरांनी घातलाय. सही वीस केबीत बसत नाही. ओटीपी बापाच्या फोनवर जातो, बाप असतो शेतात, आणि फोन असतो घरी चार्जिंगला. शेवटी ओटीपी सांगायला धाकटं भावंड पळत येतं, तोवर त्याची मुदत संपलेली. दुकानदार पुन्हा पाठवतो. बाप उशिरा येतो, टोपीने घाम पुसतो आणि एकच प्रश्न विचारतो, “ह्यात पेन्शन हाय का?”

पेन्शनचा हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये त्यासाठी राज्यभर संप झाला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या घोषणांनी कलेक्टर कचेऱ्या दणाणल्या. आमच्या गावच्या बापांनी तो संप पाहिला, घोषणा पाठ केल्या आणि त्यातून नेमका उलटा अर्थ काढला: ज्या अर्थी एवढे लोक मागतायत, त्या अर्थी पेन्शन ही चीज काहीतरी भारी असणार, आपल्या पोराला ती मिळालीच पाहिजे. एका पोराने बापाला युट्यूबर व्हायचं असल्याचं सांगितलं. किती मिळतात, तर महिन्याला लाखही मिळतात. बापाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपण मेल्यावर बायकोला किती?”

पहाटे पाचला जिंतूरच्या रस्त्यावर निघालात तर भरतीची पोरं दिसतील. हिंगोलीला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे खाकी कपडे आम्हाला नवीन नाहीत आणि त्यांचा रुबाबही. पोलीस शिपायाच्या भरतीला सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मिळून पन्नास मार्क. मग शंभराची लेखी. सगळ्यात आधी उंची. पोराला एकशे पासष्ट सेंटिमीटर लागते. इथं आईचा सहभाग सुरू होतो. दाराच्या चौकटीला खडूच्या रेघा. दर रविवारी पोरगं पाठ टेकून उभं राहतं, माय डोक्यावर पाटी आडवी धरते आणि रेघ मारते. रेघ मागच्याच रेघेवर पडली की ती पाटी जरा तिरपी धरते. भरतीच्या मैदानावर पाटी तिरपी धरणारी माय नसते, हाच काय तो तोटा.

धावण्याला मात्र घरातून पूर्ण पाठिंबा असतो, कारण ते नोकरीच्या दिशेनं असतं. याच पोराने मला नुसतं धावायचंय, धावपटू व्हायचंय, असं म्हटलं असतं तर घरात वेगळं वातावरण झालं असतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आज सगळ्यांना माहीत आहे: २०२२ च्या राष्ट्रकुलात रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याचं उदाहरण दिलं की आमच्या चहावाल्याचं म्हणणं ठरलेलं, “तो आधी मिल्ट्रीत लागला, मग पळाला. आमचा आधीच पळायलाय.” खोटं नाही. साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि खरी शर्यत तिथं सुरू झाली. दामाशेटींची बाजू मांडायला याच्याहून चांगला साक्षीदार कुठून आणणार?

पण दामाशेटींच्या बाजूने बोलायचं तर त्यांची उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचा सल्ला पक्का असतो, पण साधारण दहा वर्षं शिळा. आम्ही तरुण होतो तेव्हा पोराला डी.एड. करणे हा हमखास मार्ग होता. दोन वर्षं काढली की मास्तर, मास्तर झालं की लग्न. दर दोन-चार गावांमागे एक डी.एड. कॉलेज निघालं. मग भरती थांबली, २०१३ ला टीईटी आली, नंतर पवित्र पोर्टल आलं. आणि ज्यांना बापाने ‘हातात काहीतरी असू दे’ म्हणून डी.एड. करायला लावलं होतं, त्यांच्या हातात प्रमाणपत्र तेवढं राहिलं. आता तीच मंडळी बाप झाली आहेत आणि आपल्या पोरांना डी.फार्म. करायला सांगतायत. हातात काहीतरी असू दे म्हणून.

आणि काळाच्या पोटात काय असतं बघा. नामदेवांच्या बापाला धडकी भरवणारा धंदा, कीर्तन, आज आमच्याकडे चांगला धंदा मानला जातो. सप्त्याच्या दिवसांत मोठ्या कीर्तनकारांची तारीख मिळत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आमच्या भागातली पोरं जातात आणि बाप स्वतः नेऊन सोडतो. मी एका बापाला विचारलं, पोराला आवड आहे का? तो म्हणाला, “आवड येतीच की. एका कीर्तनाची बिदागी किती असती ठाऊक हाय का?” आजचे दामाशेटी असते तर त्यांनी नामदेवाला कापडाचं गाठोडं दिलंच नसतं. एक लाऊडस्पीकर घेऊन दिला असता, स्वतः तारखांची डायरी सांभाळली असती, आणि धोंड्याची उधारी तर कधीच होऊ दिली नसती. निम्मी बिदागी आधी.

एका व्यवसायाचं नाव मात्र फॉर्मच्या दुकानात मी कधीच ऐकलं नाही. तालुका शेतीचा. सोयाबीन, कापूस, हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हळद शिजवण्याच्या कढईपुढे बसलेला एक शेतकरी मला म्हणाला, “हळदीला भेटलं. पोराला कधी भेटतंय बघू.” हळदीत त्याचं आयुष्य गेलंय, कंद हातात घेतला तर तो किती वाळलाय हे मोडल्याच्या आवाजावरून सांगतो. पण पोरगं हळद करायची म्हणालं तर? तेही एकदा पाहिलं. चौथीतल्या मुलाला पाहुण्यांनी विचारलं, बाळा, मोठेपणी कोण होणार? तो म्हणाला, शेतकरी. खोलीत असं काही झालं की जणू पोराने शिवी दिली. बापाने हसून विषय बदलला. आजी मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली. पाहुण्यांनी पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि सावकाश समजावलं, “असं म्हणू नाही. इंजिनिअर म्हणावं.” लग्नाच्या बाजारात मात्र ‘मुलाला नोकरी हवी’ यासोबत ‘शेती किती’ हेही विचारलं जातं. शेती हवी. तीत उतरणारा जावई नको.

आता लायगोचं. औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा होते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले, आणि सगळं वेळेवर झालं तर २०३० च्या आसपास ती सुरू होईल असं सांगतात. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. आत हवा नाही. त्यात लेसरचा झोत जायचा आणि आरशांवरून परत यायचा. दूर कुठं तरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या नळ्यांची लांबी इतकी किंचित बदलते की ते मोजायला आपल्याकडे माप नाही: प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्शाहून कमी. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्यांदा जे टिपलं, ती टक्कर सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वीची होती. २०१७ चं नोबेल त्याला मिळालं.

जमीन शांत हवी म्हणून आमचा भाग निवडला. १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या सुमारास त्याच शांत जमिनीने साडेचार रिश्टरचा धक्का देऊन घरातली भांडी पाडली, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी अंगणात धावत येऊन पहिलं वाक्य म्हटलं ते, “हे त्या लायगोवाल्यांचं दिसतंय.” त्यांना सांगितलं की अहो, ते मोजणारे आहेत, हलवणारे नाहीत. काका म्हणाले, “मोजणी आली की भांडण आलंच.” भूमिअभिलेखाच्या मोजणीचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

या लायगोने आमच्या पोरांच्या स्वप्नांत एक शब्द घुसवला: शास्त्रज्ञ. पूर्वी तो फक्त निबंधात यायचा. आता मोटारसायकलवर बसून पोरं दुधाळ्याकडे चक्कर मारून येतात आणि घरी जाहीर करतात. बापांची मात्र पंचाईत झाली आहे, कारण हे स्वप्न घराच्या जवळ आणता येत नाही. ते आधीच घराजवळ आहे, बसचं तिकीट काही फार नाही. मग ते त्याला दुसरीकडून खाली ओढतात. “शास्त्रज्ञ पुण्याहून येतील. तिथं वॉचमन लागतील, ड्रायव्हर लागतील, ते बघ.” पुण्याहून, म्हणजे आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेकडून; या प्रकल्पात तिचा मोठा वाटा आहे. ती आयुका उभी केली जयंत नारळीकरांनी. त्यांचं उदाहरण मी एका बापापुढे ठेवून पाहिलं. बापाने चौकशी केली: त्यांचे वडील काय करायचे? मी सांगितलं, गणिताचे प्राध्यापक, बनारसला. वडीलही केंब्रिजचे रँग्लर, मुलगाही रँग्लर. बापाचा चेहरा उजळला. “म्हणजे त्यांनी बापाचंच दुकान पुढं चालवलं की!” दामाशेटींना असा मुलगा हवा होता. मला पुढं बोलायला काही उरलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. सातवीतल्या एका पोराने लायगोचं मॉडेल केलं होतं: ड्रिपच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइप दोन, मायच्या पावडरच्या डब्याचे आरसे, मांजराला खेळवायचा लाल लेसर आणि खाली रंगवलेला थर्माकोल. लेसरचा ठिपका पुठ्ठ्यावर पडत होता आणि पोरगं कृष्णविवरावर न अडखळता बोलत होतं. त्याचे वडील सोयाबीन घालून मोंढ्यातून परस्पर आलेले, अंगावर भुसा. टेबलाशी थांबले. मी बाजूला होतो.

“हे कायले?”

“बाबा, आभाळातून लहर आली का हे पाइप लांब-आखूड होतेत. ते मोजायचं.”

“किती लांब होतेत?”

“दिसत नाही इतके.”

“मग मोजून काय करायचं?”

पोरगं गुरुजींकडे पाहायला लागलं. गुरुजी पुढे झाले. त्यांनी कृष्णविवर सांगितलं, तारा कसा मरतो ते सांगितलं, आइन्स्टाइनचं नाव घेतलं. बाप मान डोलवत राहिला, पण लक्ष पाइपांकडे होतं. ते सोळा एमएमचे आहेत की वीस, हे बघत असावा. शेवटी गुरुजींनी हातातला खडू खिशात टाकला आणि म्हणाले, “तुमचा मुलगा मोठेपणी तिथं काम करतो म्हणतोय. हुशार आहे. त्याला अडवू नका.”

“अडवायलाय कोण? पण हे चालतं कशावर?”

“विजेवर. नळ्यांतली हवा काढलेली ठेवावी लागते. यंत्रं रात्रंदिवस चालू.”

“रात्रंदिवस?” बापाने पहिल्यांदा मान वर केली. “दिवसाची लाइट देतेत?”

“चोवीस तास लागणार त्यांना.”

“थ्री फेज?”

“असणारच.”

बापाने पोराच्या पाठीवर हात ठेवला. मागचं वर्षभर तो रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन हळदीला पाणी द्यायला जात होता.

“जाऊ दे त्याला तिथं,” तो गुरुजींना म्हणाला. मग पोराकडे वळून, “अन् ती लाइन कोणत्या शिवारातून येणारंय, तेवढं आधी विचारून ठेव.”